दिवेलागणीचा परवचा आणि दहावीची उजळणी

पत्र

आदरणीय बाई,
माझा मुलगा गुजराती माध्यमातून दहावीत शिकतो. दिवाळीआधीच्या पहिल्या परीक्षेत त्याला ८० पैकी विज्ञानात ३८, सामाजिक विज्ञानात ४१ आणि गणितात ३३ गुण मिळाले. तो आळशी नाही. रात्री जेवण झाले की नऊला बसतो तो एक वाजेपर्यंत वाचत असतो. पुस्तकाची पाने पिवळ्या-गुलाबी रंगांनी भरून गेली आहेत. ‘येते का रे?’ असे विचारले तर ‘सगळे येते’ म्हणतो, आणि ते खोटे नसते असे मला वाटते. पण पेपर हातात आला की काही सुचत नाही, असे तो रडवेला होऊन सांगतो. माझे माहेर सांगलीकडचे आणि शिक्षण मराठीतून झालेले. गुजराती बोलते, पाट्या वाचते, पण पुस्तक भराभर वाचता येत नाही, त्यामुळे त्याचा अभ्यास घेता येत नाही. सासूबाई म्हणतात, त्याला पहाटे चारला उठव. शेजारी म्हणतात, आणखी एक ट्यूशन लावा. त्याचे वडील कारखान्यात पाळीवर असतात. ते म्हणतात, नवरात्रात नऊ रात्री गरबा खेळला त्याचे हे फळ आहे. मी काय करू?
एक आई, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातले एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले. मुलगा ‘सगळे येते’ म्हणतो आणि ते खोटे नसते, असे तुम्ही लिहिले आहे. तुमचे निरीक्षण अगदी बरोबर आहे आणि त्याच्या अडचणीचे मूळही तेथेच आहे. रात्री पुस्तक समोर उघडे असते तेव्हा प्रत्येक ओळ त्याला ओळखीची वाटते, कारण ती त्याने पाच-सहा वेळा वाचलेली असते. मंगळ बाजारात एखादे गृहस्थ समोरून आले की यांना आपण कोठेतरी पाहिले आहे हे क्षणात कळते, पण त्यांचे नाव काही केल्या जिभेवर येत नाही. तसेच हे आहे. परीक्षेत चेहरा दाखवून ओळख विचारत नाहीत, थेट नावच विचारतात. तुमच्या मुलाने रोज चार-चार तास ओळख वाढवली, आणि आठवून सांगण्याचे काम मात्र त्याच्यावर परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदाच येऊन पडले.

या बाबतीत एक प्रयोग फार बोलका आहे. २००६ मध्ये अमेरिकेतील सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना एक छोटा उतारा अभ्यासासाठी दिला. एका गटाने तो चार बैठकांमध्ये पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने पहिल्या बैठकीत वाचला आणि उरलेल्या तीन बैठकांत तो समोर न ठेवता जेवढे आठवेल तेवढे कोऱ्या कागदावर लिहून काढले. पाच मिनिटांनंतर चाचणी घेतली तेव्हा वाचणाऱ्यांना सुमारे ८३ टक्के आठवले आणि लिहिणाऱ्यांना ७१ टक्के. आठवड्याने पुन्हा पाहिले तेव्हा चित्र उलटे होते: वाचणाऱ्यांकडे ४० टक्के उरले होते आणि लिहून काढणाऱ्यांकडे ६१ टक्के. यातील पाच मिनिटांनंतरचा आकडा नीट लक्षात ठेवा, कारण तुमचा मुलगा रात्री एक वाजता ‘सगळे येते’ म्हणतो तो या पाच मिनिटांच्या भरवशावर. त्या वेळी त्याला खरोखरच येत असते. परीक्षा मात्र आठवड्यांनी आणि महिन्यांनी असते.

मी वडोदऱ्यात जवळजवळ तीस वर्षे विज्ञान आणि गणित शिकवले, आणि त्यातील कितीतरी वर्षे मुलांना ‘धडा आणखी दोनदा वाचून या’ असेच सांगत राहिले. ज्या मुलांनी माझे ऐकले आणि तरीही ज्यांचे गुण वाढले नाहीत, त्यांची मला आजही रुखरुख लागते. रंगीत पेनाने ओळी रंगवण्याचेही तसेच आहे. जॉन डनलॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अभ्यासाच्या दहा प्रचलित पद्धतींवरील संशोधन एकत्र तपासले, तेव्हा ओळी अधोरेखित करणे आणि पुन्हा पुन्हा वाचणे या दोन्ही पद्धती कमी उपयोगाच्या ठरल्या; सर्वांत वर राहिल्या त्या स्वतःची चाचणी घेणे आणि अभ्यास दिवसांच्या अंतराने विभागणे या दोन. म्हणून ते रंगीत पेन दहावी होईपर्यंत कपाटात ठेवून दिलेत तरी त्याचे काही नुकसान होणार नाही.

आपल्या घरांना ही गोष्ट खरे तर नवी नाही. तुमच्या सासूबाईंना त्यांच्या लहानपणीच्या परवच्याविषयी विचारा. दिवेलागण झाली, देवापुढे निरांजन लागले की मुलांना ओळीने बसवून पाढे, पावकी-निमकी, तिथी-नक्षत्रे आणि स्तोत्रे म्हणायला लावत. हातात पुस्तक नसे. अडखळले की मोठे माणूस पुढचा एक शब्द सुचवी, संपूर्ण ओळ म्हणून दाखवत नसे, आणि दुसऱ्या संध्याकाळी तेच पुन्हा. त्या पिढीला ऐंशीव्या वर्षीही एकोणतीसचा पाढा येतो तो या रोजच्या आठवण्यामुळे. परवच्यात अर्थाकडे दुर्लक्ष होत असे, ही टीका मला मान्य आहे, आणि दहावीच्या विज्ञानात अर्थ कळल्याशिवाय एक पाऊलही पुढे जाता येत नाही. म्हणूनच मी तुम्हाला परवच्याची रीत घ्यायला सांगते आहे आणि तिला ‘का?’ हा प्रश्न जोडायला सांगते आहे.

प्रत्यक्षात ते असे करावे. समजा त्याने आज विज्ञानातील ‘जैविक क्रिया’ हा धडा घेतला. त्याने तो एकदा, फार तर दोनदा, समजून वाचावा. वाचताना न समजलेल्या जागी पेन्सिलीने खूण करावी आणि त्या शंका दुसऱ्या दिवशी शिक्षकांना विचाराव्यात. त्यानंतर पुस्तक मिटून ते दुसऱ्या खोलीत ठेवावे. हाताशी असले तर डोळा जातोच. मग कोरा कागद घेऊन वीस मिनिटे, धड्यातील जे जे आठवेल ते लिहावे: मथळे, व्याख्या, आकृत्या, क्रम. सुरुवातीला कागदावर पोषण, श्वसन, वहन आणि उत्सर्जन हे चार शब्द आणि त्यांखाली दोन-चार ओळी एवढेच उतरेल. उतरू द्या. वीस मिनिटे झाली की पुस्तक आणून त्याने स्वतःच लाल पेनाने, जे राहिले आणि जे चुकले ते त्याच कागदावर भरावे. हा लाल मजकूर म्हणजे त्याचा उद्याचा अभ्यास. उरलेला धडा त्याला येतो आहे, त्याच्यावर पुन्हा वेळ घालवण्याचे कारण नाही. कागदावर तारीख घालून तो जपून ठेवावा.

आता तुमच्या वाट्याच्या कामाविषयी. गुजराती पुस्तक भराभर वाचता येत नाही म्हणून अभ्यास घेता येत नाही, असे तुम्ही लिहिले आहे. माझे म्हणणे असे की याच कारणाने तुम्ही त्याच्या सर्वांत चांगल्या श्रोत्या होऊ शकता. ज्याला उत्तर आधीच माहीत असते तो मुलाचे अर्धे वाक्य स्वतःच पूर्ण करतो आणि मुलाला वाटते की आपण सांगितले. तुम्हाला माहीत नसल्यामुळे त्याला खरोखर समजावून सांगावे लागेल. संध्याकाळी तुम्ही भाजी निवडत असाल किंवा पोळ्या करत असाल तेव्हा त्याला जवळ बसवा आणि म्हणा, ‘मला मराठीतून सांग, आज काय झाले.’ त्याने रक्ताचा प्रवास सांगायला घेतला तर मध्येच विचारा की ते फुप्फुसात कशाला जाते, तेथून परत कोठे येते, हृदयातील मधली भिंत नसती तर काय झाले असते. या प्रश्नांची उत्तरे तुम्हाला माहीत असण्याची गरज नाही. तो ज्या ठिकाणी अडखळेल, किंवा ‘ते असेच असते’ म्हणून पुढे जाईल, ती जागा कच्ची आहे हे त्याला आणि तुम्हाला एकाच वेळी कळेल. तेथे पेन्सिलीची खूण करायची आणि पुढे जायचे.

मराठीतून सांगण्याचा एक धोका मात्र आहे आणि तो मी वर्गात अनेकदा पाहिला आहे. घरी मराठी आणि शाळेत गुजराती असलेल्या मुलांना कल्पना पक्की समजलेली असते, पण पेपरात नेमका शब्द सापडत नाही. आपण वर्गसमीकरण म्हणतो ते त्याच्या पुस्तकात द्विघात समीकरण आहे. आपली अंकगणिती श्रेढी तेथे समांतर श्रेणी आहे. विजेचा रोध तेथे अवरोध आहे. सासूबाईंच्या पिढीने शिकलेली हृदयाची जवनिका त्याच्या पुस्तकात क्षेपक या नावाने येते. पोषण, श्वसन, वहन, उत्सर्जन, प्रकाशसंश्लेषण, समरूप त्रिकोण असे पुष्कळ शब्द दोन्हीकडे सारखेच आहेत, आणि त्यामुळेच वेगळे असलेले शब्द नजरेतून निसटतात. म्हणून एक लहान वही करा. डाव्या बाजूला घरचा शब्द, उजव्या बाजूला पुस्तकातील शब्द, आणि शब्द सापडेल त्या दिवशीच त्याने तो लिहायचा. तोंडी सांगणे मराठीतून चालेल. लिहून काढणे मात्र नेहमी गुजरातीतून, पुस्तकातील शब्दांनीच झाले पाहिजे. या वहीमुळे तुमचेही गुजराती वाचन सुधारेल.

दुसरी महत्त्वाची गोष्ट अंतराची आहे. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ मध्ये दाखवून दिले की पाठ केलेले एका तासात निम्म्याहून अधिक आणि एका दिवसात सुमारे दोन तृतीयांश निसटते. त्याने निरर्थक अक्षरगट पाठ केले होते. समजून वाचलेला धडा इतक्या वेगाने जात नाही, पण उतार तसाच असतो, सुरुवातीला तीव्र आणि नंतर मंद. या उताराला अडवण्याचा मार्ग म्हणजे निसटू लागलेले पुन्हा आठवायचे. आज लिहून काढलेला धडा उद्या पाच मिनिटे, मग चार दिवसांनी, मग दोन आठवड्यांनी आणि पुढे महिन्याने पुन्हा कोऱ्या कागदावर यावा. एका रविवारी एकच धडा चार तास घेण्यापेक्षा तेच चार तास महिन्याभरात चार ठिकाणी विभागलेले अधिक टिकतात. प्रत्येक वेळी थोडे विसरलेले असेल, त्यामुळे आठवायला कष्ट पडतील, आणि ते कष्ट पडलेच पाहिजेत. सहज आठवणारे पुन्हा म्हणून फारसा लाभ नाही. यासाठी स्वयंपाकघरात टांगलेल्या दिनदर्शिकेचा उपयोग करा. धडा झाला की पुढच्या चार तारखांच्या चौकटींत त्याचे नाव लिहून टाकायचे, म्हणजे ‘आज काय करू?’ यात रोजचा अर्धा तास जाणार नाही.

सुटी सुटी माहिती, म्हणजे सूत्रे, रासायनिक समीकरणे, सामाजिक विज्ञानातील स्थळे, साले आणि व्याख्या, यांच्यासाठी दिवाळीच्या मिठाईचा रिकामा खोका काढून ठेवा. जुन्या लग्नपत्रिका कापून त्यांच्या कोऱ्या बाजूचे पत्ते करा. एका अंगाला प्रश्न आणि दुसऱ्या अंगाला उत्तर. पत्ते मुलानेच लिहावेत, तुम्ही किंवा ट्यूशनच्या सरांनी करून देऊ नयेत. खोक्यात पुठ्ठ्याचे तीन कप्पे करावेत. पहिला कप्पा रोजचा, दुसरा तीन दिवसांनी एकदा पाहण्याचा, तिसरा आठवड्याने. उत्तर बरोबर आले की पत्ता पुढच्या कप्प्यात जातो, चुकले की तो कोठेही असला तरी पुन्हा पहिल्यात येतो. सेबास्टियन लाइटनर या जर्मन विज्ञान-पत्रकाराने १९७२ मध्ये मांडलेली ही युक्ती आहे आणि तिच्यासाठी एक रुपयाही लागत नाही. हे पत्ते विचारण्याचे काम सासूबाईंना द्या. मुलाने प्रश्न मोठ्याने वाचावा, उत्तर सांगावे, मग पत्ता उलटून पडताळावा. आजींनी एवढेच पाहावे की उत्तर सांगण्याआधी पत्ता उलटला जात नाही.

गणिताचे दुखणे थोडे वेगळे आहे आणि ३३ गुणांचे कारण बहुधा त्यातच सापडेल. गणित वाचून येत नाही हे सर्वांना ठाऊक असते. तरीही मुले सोडवलेले उदाहरण गाइडमध्ये पाहतात, प्रत्येक पायरीला मान डोलावतात आणि पुढे जातात. त्याने कितीही वेळ लागला तरी उत्तर झाकूनच उदाहरण करावे, आणि पाच-सात मिनिटे झुंजूनही पुढे सरकत नसेल तर फक्त पुढची एक पायरी पाहून पुन्हा झाकावे. दुसरी चूक अशी की मुले एका स्वाध्यायातील वीस उदाहरणे सलग करतात. समांतर श्रेणीच्या स्वाध्यायात प्रत्येक उदाहरण समांतर श्रेणीचेच असणार, त्यामुळे कोणती रीत लावायची हा विचारच करावा लागत नाही. पेपरात मथळा नसतो. डग रोरर आणि केली टेलर यांनी २००७ मध्ये घनफळाच्या चार प्रकारच्या उदाहरणांवर हे तपासले. एका प्रकारची उदाहरणे सलग करणाऱ्यांचा सरावात ८९ टक्के अचूकपणा होता आणि मिसळून करणाऱ्यांचा ६०. आठवड्यानंतरच्या चाचणीत सलग करणारे २० टक्क्यांवर आले आणि मिसळून करणारे ६३ टक्क्यांवर राहिले. नवीन प्रकरण शिकताना सलग उदाहरणे करावीतच. उजळणीला मात्र रोज पाच वेगवेगळ्या प्रकरणांतील प्रत्येकी एक अशी पाच उदाहरणे घ्यावीत. तुम्ही चिठ्ठ्या करून त्यातून काढू शकता. चिठ्ठीवर फक्त पान आणि उदाहरणाचा क्रमांक असावा. चुकलेल्या उदाहरणांची एक वेगळी वही ठेवून तीत चूक कोठे झाली हे एका ओळीत लिहावे: चिन्ह चुकले, सूत्र चुकले, प्रश्नच समजला नाही, की पुढची पायरी सुचली नाही. महिन्याने ती वही उघडली की कोणत्या प्रकारची चूक पुन्हा पुन्हा होते ते स्पष्ट दिसते, आणि पुष्कळदा तेथे अज्ञान नसून घाई असते.

पेपरसेट, म्हणजे सरावाच्या प्रश्नपत्रिकांचा संच, त्याच्याकडे असेलच. संपूर्ण पेपर आत्ताच सोडवायला लावू नका. अर्धा अभ्यासक्रम कच्चा असताना तीन तास बसून ३० गुण पदरात पडले की मुलाचा धीर खचतो. डिसेंबरमध्ये जे धडे झाले असतील त्यांचे जुने प्रश्न सुटे सुटे घ्यावेत आणि जानेवारीपासून, शाळेची प्रिलिम परीक्षा जवळ येईल तसे, आठवड्याला एक पूर्ण पेपर घड्याळ लावून लिहावा. ८० गुणांना १८० मिनिटे म्हणजे एका गुणाला सव्वादोन मिनिटे. चार गुणांच्या उत्तराला नऊ मिनिटांहून अधिक वेळ गेला तर तो पुढच्या कोणत्या तरी उत्तरातून वजा होतो, हे त्याला हातावरच्या घड्याळाने शिकवले पाहिजे. पेपर लिहिला की काम संपले असे समजू नये. दुसऱ्या दिवशी ताज्या डोळ्यांनी तो पुस्तकाशी ताडून पाहण्यासाठी पूर्ण दीड तास ठेवावा. ज्या मुलांनी हा दीड तास प्रामाणिकपणे दिला त्यांची प्रगती मी स्वतः पाहिली आहे.

पहाटे चारला उठवण्याविषयी माझे मत ठाम आहे. रात्री एकला झोपलेल्या मुलाला चारला उठवू नका. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना रोज आठ ते दहा तास झोप लागते आणि दिवसा शिकलेले मेंदूत पक्के होण्याचे काम मोठ्या प्रमाणात झोपेत चालते. झोप तोडून केलेला अभ्यास गळक्या हंड्यात पाणी भरण्यासारखा होतो. सासूबाईंना सकाळची वेळ प्रिय असेल तर त्यांचेही मन राखता येईल: साडेनवाला दिवे मालवा आणि साडेपाचला उठवा. रात्रीचे ते चार तास मुळात वाचण्यात जात होते. आठवून लिहिण्याचे दोन तास संध्याकाळी झाले की त्यांची गरजच उरणार नाही.

ट्यूशन आणखी वाढवू नका. शाळा, आहे ती ट्यूशन आणि जाण्यायेण्याचा वेळ वजा केला की त्याच्या हातात स्वतःचे किती तास उरतात ते एकदा कागदावर मांडा. ट्यूशनमध्ये आठवण्याचे काम बहुतेक वेळा सर करतात आणि मुलगा ऐकतो. एखादा विषय मुळातच समजला नसेल तर गोष्ट वेगळी, पण त्याची अडचण समजण्यातील नाही असे तुमच्या पत्रावरून दिसते. मोबाइल मात्र अभ्यासाच्या वेळी खोलीबाहेर हवा. बंद करून शेजारी ठेवलेला चालत नाही. घरात पाहुणे आणि वर्दळ असेल तर त्याला सुटीच्या दिवशी एखाद्या ग्रंथालयात जाऊ द्या. मांडवीजवळचे मध्यवर्ती ग्रंथालय ज्या ग्रंथालय चळवळीतून उभे राहिले, ती सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये सुरू केली, आणि ती सामान्य घरांतील माणसांसाठीच होती.

गरब्याविषयी त्याच्या वडिलांना माझा निरोप सांगा. नऊ रात्रींनी गुण गेले नाहीत. त्याआधीच्या तीन महिन्यांतील चुकीच्या रीतीने गेले. वडोदऱ्यात वाढणाऱ्या मुलाला नवरात्रात घरी कोंडून ठेवले तर तो पुस्तकासमोर बसेल, पण त्याचे मन पटांगणातच असेल. उत्तरायणाचेही आताच ठरवून टाका. १४ आणि १५ जानेवारीला तो पतंग उडवायला गच्चीवर असणार, तेव्हा त्या दोन चौकटींत कोणत्याही धड्याचे नाव लिहू नका आणि १६ तारखेला पत्त्यांच्या खोक्यापासून सुरुवात करा. त्याच्या वडिलांची पहिली पाळी असेल त्या दिवशी संध्याकाळचे ऐकण्याचे काम त्यांनी करावे. अभ्यासाविषयी बापलेकांचे बोलणे सध्या फक्त गुणांवर होत असेल, तर ते रक्ताभिसरणावर झालेले मुलाला बरे वाटेल.

एका गोष्टीची तयारी तुम्ही मनाशी ठेवा, कारण पुष्कळ घरांत ही पद्धत येथेच सोडून दिली जाते. पहिले दोन आठवडे त्याला वाटेल की आपल्याला पूर्वीपेक्षा कमी येते. वाचताना सगळे येत होते आणि आता कोरा कागद निम्मा रिकामा राहतो, हे पंधरा वर्षांच्या मुलाला लाजिरवाणे वाटते. तो चिडेल, ‘माझी रीतच बरी होती’ म्हणेल, कदाचित पुन्हा रंगीत पेन शोधेल. त्या वेळी ‘मग एवढे दिवस काय वाचत होतास?’ हे वाक्य तोंडातून निघू देऊ नका, आणि सासूबाईंनाही तसे आधीच सांगून ठेवा. रिकामी जागा घरातल्या कागदावर दिसली तर ती भरता येते. त्याला एवढेच म्हणा की आज किती आठवले ते मला बघायचे नाही, काय राहिले ते तुला सापडले का ते सांग. चुलत-मावस भावंडांच्या गुणांचा उल्लेख परीक्षा संपेपर्यंत घरात होऊ नये, आणि नातेवाइकांचा फोन आला तर त्याच्यासमोर त्याच्या गुणांची चर्चा करू नये. तो रडवेला होऊन तुमच्याजवळ बोलतो, ही तुमच्या घरातली फार मोलाची गोष्ट आहे. ती जपा.

बोर्डाची लेखी परीक्षा फेब्रुवारीच्या अखेरीस किंवा मार्चमध्ये असते, म्हणजे तुमच्या हातात अजून तीन महिन्यांहून अधिक काळ आहे. सगळे एकदम सुरू करू नका. पहिल्या आठवड्यात फक्त विज्ञान आणि फक्त कोरा कागद, दुसऱ्या आठवड्यात पत्त्यांचा खोका, तिसऱ्यात गणिताच्या चिठ्ठ्या. सामाजिक विज्ञान त्यानंतर घेतले तरी चालेल. ४१ गुणांचा पाया आहे आणि त्या विषयाला हीच रीत जशीच्या तशी लागू पडते.

आज संध्याकाळी त्याला विचारा की विज्ञानातील कोणता धडा तुला सर्वांत चांगला येतो, आणि त्याच धड्यापासून सुरुवात करा. पुस्तक आतल्या खोलीत ठेवा, वीस मिनिटे लावा आणि तुम्ही तुमचे काम करत राहा. महिन्याने त्याच धड्याचा कागद तो पुन्हा लिहील, तेव्हा दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून त्यालाच पाहू द्या. जमले तर त्या दोन्ही कागदांची प्रत मला पाठवा. पहिल्या कागदावर लाल शाई किती आणि दुसऱ्यावर किती, हे पाहण्याची मला मनापासून उत्सुकता आहे.